सव्वादोनच्या मापाची सुरी

लालबाग, ३ डिसेंबर १९५६

बकुळा,

पाकिटावरचं अक्षर कांताचं नाही, हे तुला लांबूनच कळलं असेल. तरी उघडलंस. आता पुढचंही वाच, मग फाड.

तू पत्र माझ्या बहिणीला लिहिलंस, मला नाही. ठीक आहे. तू शिकवतेस त्या शाळेच्या परसबागेसाठी मुंबईहून एक लहान सुरी हवी. दुमडणारा चाकू नको, तो मुलींच्या बोटांवर मिटतो. गावच्या लोहाराची कोयती जड होते, शिवाय सालीवरून घसरते. काम काय, तर सुंभ तोडायचं, केळीची वाळकी सोपटं काढायची, पडवळाच्या मांडवाच्या काठ्या तासायच्या. कांता म्हणाली, "रविवारी आणते." मी म्हटलं, "तुला सुरीतलं काय कळतं? मी आणतो."

"आणि तुला काय कळतं?"

"मला बकुळेचं कळतं."

त्यावर ती इतकी हसली की पलीकडच्या खोलीतून राधाबाईंनी भिंत ठोकली.

हसू दे. पत्राचा खालचा भाग तिनं तळहातानं झाकला होता, तो मी वाचलाय. मालवणच्या हायस्कुलातल्या मास्तरांचं स्थळ, तुझ्या मामांची घाई, आणि तू म्हणालीस शिमग्यापर्यंत उत्तर देते. तेव्हा तू विचार कर. मी सुरी शोधतो. बघू कोणाचं आधी होतं.

सुरुवात गिरगावातून केली. ठाकूरद्वारच्या भांडीवाल्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. जानेवारीतल्या गोळीबारापासून आमच्या वयाचं कोणी सुरी मागायला आलं की ही माणसं आधी रस्त्यावर कोण आहे ते बघतात.

"कशाला हवी?"

"मांडवाला."

"समितीचा मांडव?"

"पडवळाचा."

त्याला वाटलं, चेष्टा करतोय. त्यानं पावाला लोणी लावायची सुरी काढून काउंटरवर आपटली. मी म्हटलं, ही लोणी तरी कापेल का? झालं भांडण. तू म्हणशील, होणारच होतं.

तुला आठवतं? गेल्या जानेवारीत आमच्या गॅलरीत आपण फलक बांधत होतो. तू सुतळी ताणून धरलेली, मी सुरी तुझ्या हातात दिली. आई आतून ओरडली, "हातात देव नको रे, खाली ठेय! भांडाण लागता!" आपण दोघं हसलो. आणि त्याच आठवड्यात तू माझ्याशी बोलणं टाकलंस. आई अजून म्हणते, त्या सुरीनं केलं. मीही तसंच म्हणतो. सोयीचं आहे.

काय म्हणायचं असेल ते कांताला लिही. मला बरोबर पोचेल.

दौलत


लालबाग, १३ डिसेंबर १९५६

बकुळा,

बोट तुमच्याकडे पोचली की नाही, टपाल वाटलं की नाही, मला ठाऊक नाही. माझ्याच्यानं वाट बघवत नाही, म्हणून हे दुसरं.

इथे सगळं परळ अजून गप्प आहे. बाबासाहेब गेले ते तुम्हालाही कळलंच असेल. दादरला त्या दिवशी केवढी माणसं लोटली, ते लिहायला मला येणार नाही. मी मात्र त्यातच एक गाढवपणा केला. आपले बुधाजीकाका, बाबांचे दोस्त, रेल्वे वर्कशॉपातले फिटर. तुला लहानपणी डब्याच्या पत्र्याची शिट्टी करून दिली होती ते. त्यांना म्हटलं, काका, एक सुरी घडवून द्या. काका ऑक्टोबरात नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले तेव्हा केवढे खुशीत होते. आता दाराशी बसलेले, हत्यारांची पेटी कुलूप लावून बाजेखाली. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"दौलत्या, या महिन्यात मी कशालाच धार लावणार न्हाय. जा, इकत घे कुठूनतरी."

काकू आतून म्हणाल्या, "कधी काय मागावं ते तरी कळू दे पोराला." जिना उतरताना माझे कान तापले होते.

मग विकत घ्यायलाच निघालो. माझगावला गोदीमागे जहाजांचं जुनं सामान विकतात. दोरखंड, कंदील, गंजके नांगर. त्यात एक सुरी मिळाली. खलाशाची असणार. पातं वीतभर, चामड्याचं म्यान, हातात घेतली की आपण कोणीतरी आहोत असं वाटतं. घरी येऊन गॅलरीत एक फळी तासली. लोणी! कांता कमरेवर हात ठेवून बघत होती.

"हिनं बकुळा पडवळ कापणार की हेडमास्तर?"

म्हणून काल कुलाब्याच्या कोळीवाड्यात गेलो. तिथल्या गंगुबाईची बसकी सुरी मी दुरून बघितली होती. रुंद पातं, आखूड, टोक गोल. भरल्या बाजारात बसून बाई बोलता बोलता बोंबील फाडत होती, हाताकडे बघत नव्हती. "ही नाय मिलायची," म्हणाली, "ही माझ्या सासूची. जुनी एक हाय, ती ने. कुनासाठी रं? बायकोसाठी?"

मी म्हटलं, "अजून नाही."

"मंग धुवून दे," म्हणाली.

राखेनं घासली, चिंचेनं घासली, लिंबू लावलं. वास जात नाही. शाळेतल्या ब्राह्मणाच्या मुली काय म्हणतील?

एवढं हिंडायला वेळ कुठून मिळतो, विचारू नकोस. कॉलेज सोडलेल्याला वेळच वेळ. बाबा पाळीवर जाताना माझ्याकडे बघत नाहीत. येतानाही नाही. समितीच्या कचेरीत निवडणुकीचं काम सुरू झालंय, तिथे मी फलक बांधतो, कामट्या तासतो, खळ शिजवतो. तू मला आरंभशूर म्हणाली होतीस, ते रोज एकदा तरी आठवतं. बहुतेक खळ करपते तेव्हा.

दौलत


लालबाग, ३० डिसेंबर १९५६

बकुळा,

कांताच्या पत्रात शेवटची ओळ तुझी: 'तुझ्या भावाला सांग, वीतभर पातं खाटकाला लागतं. चार बोटं पुरे. आणि टोक अणकुचीदार नको, लहान मुली आहेत.'

तुझ्या भावाला! नाव लिहायला शाई कमी पडली काय? पण वाचलंस. दोन्ही पत्रं वाचलीस, नाहीतर वीतभर तुला कुठून कळलं? मी चाळीचा जिना उगाचच उतरलो, उगाचच चढलो. नळावर बायकांनी विचारलं, काय रे, मुंबई मिळाली काय? मी म्हटलं, अजून नाही, बोलणी सुरू आहेत.

आता एक गोष्ट मी आपणहून शोधून काढलीय, ती लिहितो.

तुझी कोयती सालीवरून का घसरते, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. धार गेली असेल तर कापणार नाही, पण घसरेल कशाला? परवा कचेरीत बांबू तासताना उजव्या हाताला फोड आला, म्हणून सुरी डाव्या हातात घेतली. घसरली. पुन्हा घेतली, पुन्हा घसरली. पातं उलटं करून बघितलं, तर धार एकाच अंगानं घासलेली, दुसरं अंग सपाट. उजव्या हातानं काम करणाऱ्यासाठी ती बरोबर, डावऱ्याला ती बाहेरच फेकते.

तेव्हा मला तू दिसलीस. शाळेत डाव्या हातानं पाटीवर लिहिलंस म्हणून गुरुजींनी बोटांवर पट्टी मारलेली. घरी डाव्यानं घास घेतलास म्हणून मार. शेवटी तू उजव्यानं लिहायला शिकलीस, आणि माझ्यापेक्षा चांगलं. पण सागरगोटे मात्र डाव्यानंच झेलायचीस, आम्ही सगळे हरायचो. तिथेही तसंच असणार. हेडमास्तरांसमोर खडू उजव्या हातात. परसबागेत कोणी नसलं की कोयती डाव्यात. खरं की नाही?

त्यामुळे माझगावची गेली, कोळीवाड्याचीही गेली. दोन्ही एका अंगाच्या. आता हवी ती अशी: धार एकच, पण दोन्ही बाजूंनी सारखी घासून मधोमध आणलेली. अशी कोणत्याही हातात सरळ चालते. मुलींनाही चालेल, तुलाही.

तुझ्या मास्तरांना हे माहीत आहे का? स्थळ बघायला आले तेव्हा चहाचा कप तू कोणत्या हातानं दिलास? जाऊ दे, नको सांगू.

दौलत


लालबाग, १६ जानेवारी १९५७

बकुळा,

आज इथे वाऱ्यालाही राग आलाय. गोळीबाराला वर्ष झालं. नाक्यानाक्यावर पोलीस, नाक्यानाक्यावर हार घातलेले फोटो. मला कचेरीत बसवेना, घरीही बसवेना, म्हणून बुधाजीकाकांकडे गेलो.

काकांनी पेटी उघडलीय. मी मागितलं नव्हतं. परवा त्यांनीच हाक मारली. "अजून मिळाली न्हाय ना? ये." त्यांच्या पेटीत एक झिजलेली कानस होती, तिचं पातं करायचं ठरलं. शेगडीत लाल करून मऊ केली, घासली, पुन्हा तापवून पाण्यात घातली. चुर्र झालं. काका म्हणाले, "बघ आता, पोलाद म्हंजे काय ते." आणि खिडकीच्या गजावर हळूच ठोकून दाखवली. ताड! मधोमध दोन तुकडे. पाणी जास्त चढलं होतं. काकू इतक्या हसल्या की भाकरी करपली. काका तुकड्यांकडे बघत म्हणाले, "हसा. हेच सायबाच्या वर्कशॉपात झालं असतं तर बोनस कापला असता."

दुसऱ्या कानशीला पाणी दिल्यावर पुन्हा हलका शेक दिला. ती टिकली. चार बोटं पातं, टोक बोथट, पात्याचं शेपूट मुठीच्या पार शेवटपर्यंत. मुठीसाठी बाबांनी लाकूड दिलं. होय, बाबांनी. न बोलता गिरणीतला एक फुटका धोटा माझ्या उशाशी ठेवून पाळीवर गेले. वर्षानुवर्षं सूत ओढून त्याचं लाकूड इतकं गुळगुळीत झालंय की पॉलिशची गरज नाही.

मग काकांनी विचारलं, "हात केवढा तिचा?"

मी हवेत दाखवला.

"असं न्हाय. बांगडीचं माप सांग, म्हंजे मूठ किती जाड ते कळंल."

मी धोटा हातात उलटसुलट केला. काकांनी कानस खाली ठेवली. अख्ख्या चाळीला ठाऊक आहे ते, काकांना नसेल?

"सव्वादोन," मी म्हटलं.

बकुळा, माझ्या बाजूनं तू हे कधी ऐकलं नाहीस. तुझा शिवादादा पोलिसात, आणि मागच्या जानेवारीत लाठी घेऊन आपल्याच नाक्यावर. आमच्या पोरांनी ठरवलं, त्याच्या दारात बांगड्यांची थाळी ठेवायची. आणायला मी गेलो. कासारानं विचारलं, माप? पुरुषाला द्यायच्या बांगड्यांना कसलं माप! काहीतरी सांगून मोकळं व्हायचं. माझ्या तोंडून 'सव्वादोन' गेलं. संक्रांतीला तू आणि कांता बांगड्या भरायला बसला होतात तेव्हा कानावर पडलेलं. मला जगात एकाच हाताचं माप ठाऊक होतं.

दार तू उघडलंस. थाळी उचललीस आणि तिथेच उभी राहून एक एक बांगडी चढवलीस. एकही अडली नाही, एकही सैल झाली नाही. मग गॅलरीतल्या एवढ्या पोरांतून बरोबर माझ्याकडे बघितलंस. "मापाच्या आणल्यास," म्हणालीस. बस्स. मे महिन्यात तू बोटीत बसलीस तेव्हासुद्धा त्या हातात होत्या, असं कांता सांगते.

मी चुकलो असं मी म्हणत नाही. लाठ्या पडल्या होत्या, माझ्या पाठीवरही पडली होती. पण सव्वादोन म्हणायला नको होतं.

दौलत

ता.क. हे वाचून उत्तर नको. पण मुठीच्या रंगाबद्दल काही असेल तर लिही.


लालबाग, २५ जानेवारी १९५७

बकुळा,

आधी सांगतो, मी बाहेर आहे आणि सगळे दात जागेवर आहेत. आईनं कांताकडून काही भलतंच लिहून घेतलं असेल, त्यावर विश्वास ठेवू नकोस.

काल दुपारी पिशवीत सुतळी, फलक, आणि तिन्ही सुऱ्या घेऊन निघालो होतो. तिन्ही कशाला? काकांना दाखवायचं होतं की आपली सगळ्यांत बरी. नाक्यावर पोलिसांनी पिशव्या तपासायला घेतल्या होत्या. चौकीत नेऊन टेबलावर ओतली. सीताराम हवालदार म्हणून एक पोटवाले गृहस्थ होते. त्यांनी सुऱ्या ओळीनं मांडल्या.

"एक असती तर म्हटलं असतं कांदा कापायला. तीन? रुखवतात मांडायच्यात काय?"

"परसबागेसाठी आहेत."

"लालबागेत परसबाग! नाव सांग. बापाचं सांग. कॉलेजात आहेस?"

"होतो."

"हां," म्हणाले, जणू सगळा गुन्हा तिथेच कबूल झाला.

मी उसळलो. काय बोललो ते लिहीत नाही. त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं तेवढ्यात आतून शिवादादा आला.

वर्षभर आम्ही एकमेकांसमोर आलो नव्हतो. तो जिना चढताना दिसला तर मी गॅलरीत पाठ फिरवायचो. त्यानं मला बघितलं, टेबलाकडे बघितलं. वीतभर पात्याची बाजूला सारली. कोळीवाड्याची नाकाशी नेली आणि ठेवून दिली. काकांची उचलली.

"ही कोणी केली?"

"बुधाजीकाकांनी."

"मूठ एवढी बारीक? पोराच्या हातासाठी केलेली वाटते."

त्यानं पातं उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटून धारेकडे बघितलं. "आणि ही दोन्ही अंगांनी का घासली?" त्यानं सुरी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. हवेतच एक काल्पनिक काठी तासली, एकदा, दोनदा. मग त्याचा हात थांबला.

"बकूसाठी?" म्हणाला.

हवालदार म्हणाले, "कोण बकू?"

"माझी बहीण. तिला शाळेच्या बागेला हवीय." एवढं बोलून तो माझ्यासमोर बसला. "तुला कोणी सांगितलं ती अजून डाव्यानं काम करते?"

"कोणी नाही. कोयती घसरते असं तिनं लिहिलं होतं."

तो म्हणाला, "त्या दिवशी मी मारलं होतं. हुकूम होता. तुझ्या थाळीनं ते पुसलं नाही आणि हुकूमही टळला नाही. पण दौलत, ते दार तिचंही होतं रे."

मला पुष्कळ उत्तरं येत होती. वर्षभर पाठ केलेली. मी टेबलावर सांडलेली सुतळी गुंडाळत राहिलो.

"हवालदार," तो म्हणाला, "दोन जमा करा, एक सोडा. बोल, कुठली नेतोस?"

ज्याला तू आरंभशूर म्हणतेस, ज्यानं दोन महिने तीन सुऱ्यांत घोळ घातला, त्यानं बोट ठेवायला डोळ्याचं पातंही लवू दिलं नाही. काळी, ओबडधोबड, पात्यावर कानशीचे दाते अजून दिसणारी. तीच. मी हात पुढे केला. शिवादादानं सुरी माझ्या हातात दिली नाही. टेबलावर ठेवली, मूठ माझ्याकडे करून.

"उचल. हातात नाही देत. तुझंमाझं झालं तेवढं पुरे."

बाहेर आलो आणि मला जाम राग आला. कोणावर, ते अजून ठरवतोय.

दौलत


लालबाग, १२ फेब्रुवारी १९५७

बकुळा,

पार्सल बांधून आठवडा झाला. आत सुरी, बाबांनी दिलेल्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली, वर पुठ्ठा. पोस्टाच्या खिडकीपर्यंत जाऊन आलो. बाबूनं विचारलं, आत काय? मी म्हटलं, काही नाही, आणि परत आलो. काही नाही तर मग पार्सल कसलं, असं तो मागून ओरडला.

आई खूश आहे. "पोस्टान धाड," म्हणते. "हातात देवचा नाय, घेवचा नाय. भांडाणच नको." तिच्या हिशोबानं हा सगळ्यात उत्तम मार्ग. सुरी पोचेल, पडवळाचा मांडव उभा राहील, तू कांताला आभाराचं पत्र लिहिशील. मला लिहायचं कारण उरणार नाही, तुला वाचायचं कारण उरणार नाही. शिमगा येईल.

तुला वाटेल, पुन्हा अर्ध्यावर टाकलं यानं. टाकलेलं नाही. वाटल्यास काकांना विचार. रोज संध्याकाळी जाऊन मी ती पुन्हा परजतो, ते म्हणतात, अरे, पोस्टात घालायच्या आधी झिजून संपेल.

शिवादादा काल जिन्यात भेटला. मी पाठ फिरवली नाही. तोही थांबला. म्हणाला, "पाठवलीस?" मी म्हटलं, "नाही." म्हणाला, "का?" मी म्हटलं, "तिला आधी विचारायचंय, पोस्टानं चालेल का."

"मग विचार की. मला काय सांगतोस?"

म्हणून विचारतोय. पोस्टानं पाठवू का? हो म्हणालीस तर दुसऱ्या दिवशी टाकीन आणि त्यानंतर तुला एक ओळ लिहिणार नाही. मालवणच्या मास्तरांबद्दल काही विचारणार नाही. याला शपथ समज. मी शपथा पाळत नाही, हे तुला माहीत आहे. ही पाळीन.

दौलत


भाऊचा धक्का, १३ मार्च १९५७

बकुळा,

हे पत्र आणि मी एकाच बोटीत आहोत. तुमच्या टपालवाल्याची चाल कांता सांगते तशी असेल, तर मी आधी पोचेन. तरी लिहितोय, कारण तुझ्यासमोर उभा राहिलो की भलतंच काहीतरी बोलून बसेन, ते तुलाही ठाऊक आहे.

उशीर झाला, कारण मतदान आटोपेपर्यंत हलायचं नाही असं ठरवलं होतं. कचेरीतला शेवटचा फलक सोडवून, सुतळीची गुंडाळी करून, किल्ली देऊन आलो. काम अर्धवट टाकून आलेलो नाही, एवढं आधी मोज. कॉलेजचं मात्र अजून ठरलेलं नाही. ठरलं असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण खोटं झालं असतं.

तुझी चिठ्ठी कांतानं चारदा वाचली. मग आईला वाचून दाखवली. मग राधाबाईंना. मला सगळ्यात शेवटी मिळाली. एकच ओळ, आणि पहिल्यांदा माझं नाव घालून: 'दौलत, पोस्टानं नको. हातात दे.'

आई कपाळावर हात मारून बसली. "हातात? ह्या पोरीक कोणी शिकवल्यान नाय? भांडाण लागतला मा!" कांता म्हणाली, "आई, तेच तर हवंय तिला. वर्षभर बोलली नाही ती. आता भांडणार आहे." बाबा पाळीवरून आले होते, पायातलं काढता काढता म्हणाले, "मग चार दिवसांचे कपडे घेऊन जा. एका दिवसात आटपायचं नाही."

शिवादादा धक्क्यापर्यंत आलाय. पोलिसाच्या वेशात, त्यामुळे लोकांना वाटतंय, मला तडीपार करतायत. माझी ट्रंक त्यानंच उचलली. मामांना चिठ्ठी दिलीय, आत काय आहे ते सांगत नाही. मी त्याला त्या थाळीबद्दल एक वाक्य बोललो, वर्षभर गिळलेलं. ते तुला तो सांगेल, मी नाही. तो "हं" म्हणाला आणि शेंगदाणे घेतले, अर्धे मला दिले.

आई अजून काठाशी उभी राहून ओरडतेय, "खाली ठेय हां! जमिनीर ठेय, मगे तिका उचलूक सांग!" मी मान हलवलीय. तिलाही हो म्हटलं, तुलाही हो म्हटलं.

तुझं उत्तर शिमग्याला आहे. मास्तरांना काय द्यायचं ते तू दे, मी त्यात नाही. मला शिव्या द्यायच्या असतील तर त्याही दे, बांगड्यांच्या वेगळ्या, कॉलेजच्या वेगळ्या. मी उत्तरं पाठ करून आलेलो नाही. फक्त एक मागतो. मी शाळेच्या फाटकाशी येईन तेव्हा हेडमास्तर असतील, मुली असतील, मामाही असतील कदाचित. सुरी मी मूठ पुढे करून धरीन. तुझ्या मापाची आहे, दोन्ही अंगांनी घासलेली.

सगळ्यांदेखत डावा हात पुढे कर.

दौलत